तुरुंगात प्रश्न कुणाच्या आवाजात विचारायचा?

मागच्या अंकात मी लुई थरू या ब्रिटिश मुलाखतकारानं अमेरिकेतल्या तुरुंगांत जाऊन केलेल्या माहितीपटांबद्दल लिहिलं होतं. एक २००८ सालचा, कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनचा. दुसरा २०११ सालचा, मायामीचा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते. माझं काम ध्वनिमुद्रणाचं. मुलाखत चालू असताना मी कानाला हेडफोन लावून मागे बसलेली असते, त्यामुळे उत्तरंही कानाच्या बाजूनंच येतील.

*प्रश्न: ताई, मी पत्रकारिता शिकतो. थरूचे दोन्ही माहितीपट पाहिले. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या माणसांना तो इतकं साधं विचारतो आणि ती माणसं बोलत सुटतात. मित्र म्हणतात, ही सगळी त्याच्या इंग्लंडच्या बोलीची जादू आहे. मला जेलमधून सुटून आलेल्या माणसांवर छोटी फिल्म करायची आहे. माझं बोलणं 'काय करलालास बे' असलं. सर म्हणतात, मुलाखत घेताना शुद्ध बोल, नाहीतर फिल्म गावठी वाटेल. मी काय करू? (एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)*

तुझ्या मित्रांचं म्हणणं थोडं खरं आहे. ते कुठवर खरं आहे हे नीट पाहू, म्हणजे सरांना काय सांगायचं तेही कळेल.

इंग्लंडमध्ये माणसानं तोंड उघडलं की त्याची शाळा आणि घराणं कळतं. थरू ऑक्सफर्डला शिकला, आणि ते त्याच्या बोलण्यात ऐकू येतं. हाच आवाज घेऊन तो लंडनमधल्या तुरुंगात गेला असता, तर तिथल्या कैद्यानं पहिल्याच वाक्याला त्याला वकील-न्यायाधीशांच्या रांगेत नेऊन बसवलं असतं. कॅलिफोर्नियातल्या कैद्याला त्या आवाजातून यातलं फारसं काही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हा लांबून आलाय. आयुष्यभर त्याला ज्यांनी प्रश्न विचारले, ते पोलीस, सरकारी वकील, पॅरोल बोर्डाची माणसं, वॉर्डर, यांतलं कुणी असं बोलत नव्हतं. त्या लोकांसाठी त्यानं उत्तरं तयार ठेवलेली असतात. या नव्या माणसासाठी तयार उत्तर नसतं, म्हणून तो विचार करून बोलतो.

शिवाय परक्याला अडाणी प्रश्न माफ असतात. सॅन क्वेंटिनच्या पटांगणात गोरे, काळे आणि मेक्सिकन वंशाचे कैदी आपापले कोपरे धरून असतात. असं का, हे तिथल्याच एखाद्या माणसानं विचारलं तर कैदी म्हणेल, माहीत असून कशाला विचारतोस? पाहुण्याला मात्र समजावून सांगावंच लागतं. आणि रोजचं जगणं दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःही ते पुन्हा एकदा बघतो. त्या माहितीपटातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते याच जागांवरचं बोलणं.

आता दुसरी बाजू. थरूचे वडील अमेरिकन. टीव्हीतलं त्याचं सुरुवातीचं कामही मायकल मूरच्या अमेरिकन कार्यक्रमातलं. म्हणजे अमेरिका त्याला काही नवखी नाही. त्याचा परकेपणा बराचसा आवाजातच आहे आणि तो त्याचा उपयोग करून घेतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कधीकधी तो गरजेपेक्षा जास्त भोळा होतो, आणि मग घरी बसलेल्या प्रेक्षकाला आपण त्या कैद्यापेक्षा शहाणे आहोत असं वाटायला लागतं. त्या जागा मला आवडत नाहीत. जो माणूस उठून जाऊ शकत नाही, त्याच्याकडे बघून आपण हसायचं, हे बरं नाही.

आता आवाज बाजूला ठेव आणि चित्राकडे न बघता नुसतं ऐक. पडद्यावर टॉवेल टाक आणि दहा मिनिटं फक्त ऐक. मी शिकाऊ मुलांना हेच करायला लावते. काय ऐकू येईल? प्रश्न छोटे. एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तर संपल्यावर तो लगेच बोलत नाही, थांबतो, आणि त्या थांबण्यात समोरचा आणखी एक वाक्य बोलतो. पुष्कळदा तेच खरं वाक्य असतं. समोरचा चिडला तरी याचा आवाज चढत नाही. डोळ्यांसमोर जे आहे त्याबद्दल तो विचारतो: ही खाट कुणाची, हे भिंतीवर काय, जेवण कधी येतं. पटलं नाही तर तोंडावर सांगतो, पण वकिली न करता. हे सगळं बोलीवर अवलंबून नाही. जुळे सोलापूरमध्ये बसूनही ते शिकता येतं.

बोलीनं काय बिघडतं, तेही सांगते. आम्ही एका तुरुंगात रीतसर परवानगीनं मुद्रण करत होतो. मुलाखत घेणारे गृहस्थ अभ्यासू, मनाचे चांगले. त्यांनी विचारलं, "त्या घटनेकडे आज आपण कशा दृष्टीनं पाहता?" समोरचा पन्नाशीचा माणूस खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. म्हणाला, "चूक झाली साहेब." पुढचा प्रश्न आणखी लांब. "हो साहेब." त्याच्या आगेमागे ऐकू येत होता फक्त दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या बुटांचा आवाज. मधल्या वेळात मी त्याच्या कॉलरला माइक नीट लावायला गेले. त्याच्या आडनावावरून आणि मराठीतल्या हेलावरून मला वाटलंच होतं. मी तेलुगूत विचारलं, अण्णा, कोणत्या मागावर होतात? माझं माहेर साखर पेठेतलं, आमच्या घरात तेलुगूच बोलतात. त्यानं पहिल्यांदा मान वर केली. चादरीच्या मागावर होतो म्हणाला. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या, पुठ्ठ्यांची माळ कशी ओवायची, एक पुठ्ठा उलटा बसला तर मोराची मान कशी मोडते, शेट कसा ओरडायचा, आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून कोण कुठलं गाणं म्हणायचा, हे सगळं सांगत गेला. बोटं हवेत पुठ्ठे ओवत होती. रेकॉर्डर तेव्हा बंद होता आणि तो बंद होता हेच बरं झालं, कारण हे बोलणं त्यानं कॅमेऱ्यासाठी केलेलं नव्हतं. नंतर कॅमेरा चालू आहे हे सांगून त्यालाच विचारलं, मागाचं पुन्हा सांगणार का? सांगितलं. फिल्ममधला तोच भाग लोकांच्या लक्षात राहिला.

त्या प्रसंगात मी काही थोर प्रश्न विचारला नव्हता. फक्त त्याच्या आयुष्यात साहेब लोक ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत विचारलं नाही. सरांचं 'शुद्ध' मराठी हे शाळेचं, कचेरीचं आणि कोर्टाचं मराठी आहे. पूर्वभागातल्या विणकराला, अक्कलकोटकडच्या कन्नड शेतमजुराला, विजापूर वेशीतल्या दखनी बोलणाऱ्या माणसाला ते मराठी कुठं भेटतं? समन्सात, जबाबात, नोटिशीत. त्यात तू प्रश्न विचारलास की उत्तरही जबाबासारखंच येणार.

सोलापुरात तर हे आणखी जपायला हवं. आपल्याकडचा 'सेटलमेंट' हा भाग सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांना काटेरी तारेच्या कुंपणात डांबून ठेवलं होतं, त्या वसाहतीचं हे नाव. तो कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला. पण नाव काय, जात कोणती, गाव कोणतं, काल रात्री कुठं होतास, हे चार प्रश्न त्या घरांनी पिढ्यान्पिढ्या ऐकले. हजेरीचे प्रश्न. त्या वस्तीतल्या माणसाच्या मुलाखतीची सुरुवात 'नाव काय, गाव कोणतं' अशी झाली, तर तू कितीही गोड बोल, त्याला वही घेऊन आलेला हवालदारच ऐकू येईल. नाव-गाव शेवटी विचार. कागदावर लिहून घेतलंस तरी चालेल.

म्हणून तू जसा बोलतोस तसाच बोल. मात्र समोरच्याची नक्कल करू नकोस. कानडी हेल काढून दाखवणं, दखनीचे दोन शब्द उसने घेऊन दोस्ती दाखवणं माणसाला लगेच कळतं, आणि तो दुखावतो. तुझ्या मित्राला तू 'बे' म्हणतोस, साठीच्या माणसाला म्हणणार नाहीस. त्याला मामा म्हण, अण्णा म्हण, मालक म्हण, जे त्या घरात चालतं ते. त्याला कोणत्या भाषेत बोलायचंय ते आधी विचार. तुला ती येत नसेल तर ती येणारा मित्र सोबत ने. त्याच्या बायकोला किंवा मुलाला दुभाषी करू नकोस. काही गोष्टी त्यानं घरात सांगितलेल्या नसतात.

आणि पहिला प्रश्न गुन्ह्याचा नको. सुटून आलेल्या माणसांवर फिल्म करतोयस ना? मग विचार: जेलरोडवर बाहेर आलात तेव्हा खिशात काय होतं? घ्यायला कोण आलं होतं? चहा कुठं घेतला? घरी जाताना रिक्षा केली की चालत गेलात? पोरांनी ओळखलं का? याची उत्तरं तुझ्याकडे नाहीत, पोलिसांच्या कागदांतही नाहीत. ती फक्त त्या माणसाकडे आहेत, आणि हे त्यालाही जाणवतं.

*प्रश्न: तुमचा लेख वाचून मला त्रास झाला. आमच्या घरातला तरुण मुलगा मारला गेला. ज्यानं मारलं, तो जेलमध्ये आहे. उद्या कुणी जाऊन त्याच्याशी असं हळू, प्रेमानं बोलणार आणि आपण त्याला कला म्हणणार? आमच्याशी तर कुणी एवढं हळू बोललं नाही. (एक वाचक, पंढरपूर)*

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी अनेकदा वाचलं. ते खरं आहे. मारल्या गेलेल्या मुलाच्या घरी येणारे कॅमेरे दारातच माइक पुढे करतात आणि 'आपल्याला कसं वाटतंय' विचारतात. मी तसं मुद्रण करायला नकार दिला आहे, पुढेही देईन. ज्या मुलाखतकाराला कैद्यासमोर थांबता येतं, त्याला तुमच्या ओसरीवर त्याहून जास्त वेळ थांबता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर त्यानं तुरुंगाची वाट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हळू बोलणं म्हणजे माफ करणं का, एवढ्याबद्दल एक उदाहरण देते. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्त्सोग यांनी २०११ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका खटल्यावर माहितीपट केला. एका मोटारीच्या हव्यासापायी तीन जीव गेले होते. फाशीची शिक्षा झालेल्या मायकल पेरीशी ते काचेपलीकडून बोलले, आणि त्यानंतर आठ दिवसांनी, १ जुलै २०१० रोजी, त्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला. हेर्त्सोग पडद्यावर दिसत नाहीत, फक्त त्यांचा आवाज येतो: दक्षिण जर्मनीचा जड हेल, प्रत्येक शब्द सुटा, आवाजात लाडीगोडी नाही. त्यांनी पेरीला सुरुवातीलाच सांगून टाकलं की तुझं बालपण हलाखीत गेलं म्हणून तू सुटत नाहीस, आणि तू मला आवडायलाच हवास असंही नाही. पण तू माणूस आहेस म्हणून मी तुझा मान ठेवतो. मृत्युदंडाला आपला विरोध आहे, हेही ते लपवत नाहीत.

याच माहितीपटात त्यांनी मारल्या गेलेल्या बाईंच्या मुलीला भरपूर वेळ दिला आहे. तिनं आई आणि भाऊ, दोघांनाही गमावलं होतं. ती काय म्हणते, तिला शिक्षेबद्दल काय वाटतं, हे तिच्याच शब्दांत येतं आणि ते दिग्दर्शकाच्या मताविरुद्ध जातं. त्यांनी ते कापलं नाही. मला ही माणसाची खरी कसोटी वाटते.

तुम्ही असला माहितीपट पाहिलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरावर जे आलंय त्यापुढे माझं शास्त्र लहान आहे. पण तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं, तो कसा हसायचा, कोणत्या गोष्टीवरून रुसायचा, हे कुणी ऐकावंसं वाटलं, तर मासिकाच्या पत्त्यावर एक ओळ टाका. मी यंत्र न घेता येईन.

*प्रश्न: मी कारागृह खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. बाई, तुम्ही लोक बाहेरून येता आणि कैद्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की विरघळता. आत सगळे निर्दोषच असतात! कॅमेरा दिसला की नाटक सुरू. थरू काय आणि आणखी कोण काय, खरं काढून घेणं त्यांना जमत नाही. (एक निवृत्त कर्मचारी, होटगी रोड)*

साहेब, नाटक होतं, हे मला मान्य आहे. सॅन क्वेंटिनमध्येही काहीजण कॅमेऱ्यासाठी छाती काढून बोलतात, ते ऐकूनच कळतं; आवाज आधी घोकलेल्या धड्याच्या चालीत जातो. पण खरं काढून घेणं हे माहितीपटाचं काम आहे, असं मी मानत नाही. ते तपास अधिकाऱ्याचं आणि कोर्टाचं. आम्ही गुन्ह्याचा तपास करायला लागलो की आम्ही वाईट पोलीस होतो आणि वाईट मुलाखतकारही.

दुसरं, आत असलेल्यांत शिक्षा झालेले किती? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, तुमच्या-आमच्या बोलीत कच्चे कैदी. चारांतले तीन. तारखेवर तारीख घेत बराकीत बसलेली ही माणसं कायद्यानं अजून दोषी ठरलेली नाहीत. मायामीच्या माहितीपटातही बहुतेक कैदी खटल्याची वाट बघणारेच होते, म्हणून तो मला सॅन क्वेंटिनच्या माहितीपटापेक्षा आपल्याला जवळचा वाटतो. कच्च्या कैद्याला 'तू केलंस का?' हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारूच नये. कारण साधं आहे: तो जे बोलेल ते उद्या कोर्टात त्याच्याविरुद्ध येऊ शकतं, आणि त्याचा वकील तिथे शेजारी बसलेला नसतो. मुलाखतकाराची बोली जितकी मऊ, तितका हा धोका जास्त. माणूस विसरून जातो की हे मुद्रित होतंय. मऊपणाची जबाबदारी ती हीच. मी दर थोड्या वेळानं मुद्दाम म्हणते, "मशीन चालू आहे हं." मुलाखतकार वैतागतात. वैतागू देत.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, ती मी विचारते. तुम्हाला स्वतःला कुणी कधी विचारलं का? रात्रपाळीला बराकीबाहेर उभं राहणं, सणाच्या दिवशी घरी नसणं, कुणी आत जीव दिला तर त्याला पहिल्यांदा खाली उतरवणारे हात तुमचेच असणं. थरू वॉर्डरांशीही बोलतो. हेर्त्सोग यांनी तर मृत्युदंडाच्या वेळी कैद्याजवळ उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूला, तो बोलण्याच्या ओघात खारीबद्दल काही बोलला तेवढा धागा पकडून, खारीबरोबरचा एखादा प्रसंग सांगा असं म्हटलं. तोवर ठरीव बोलणारा तो माणूस गोल्फच्या मैदानावर गाडीखाली येता येता वाचलेल्या खारी सांगता सांगता रडला. ज्यांना वाचवणं त्याच्या हातात नव्हतं त्या माणसांवर आला. मृत्यूबद्दल थेट विचारलं असतं तर त्यानं प्रवचन दिलं असतं. तुमच्याकडेही अशी एखादी खार असेल, साहेब. ती ऐकायला मला आवडेल.

*प्रश्न: आपल्याकडे तुरुंगात जाऊन मुलाखत घ्यायची परवानगी मिळते का? (एक वाचक, बार्शी)*

मिळू शकते, पण हक्कानं मागावी अशी ती नाही. दोन निकाल लक्षात ठेवा. १९८१ मध्ये पत्रकार प्रभा दत्त यांनी तिहारमधल्या फाशीच्या कैद्यांना, बिल्ला आणि रंगा यांना, भेटण्याची परवानगी मागितली. सर्वोच्च न्यायालयानं मुलाखत घेऊ दिली, पण सांगितलं की कैदी राजी हवा आणि तुरुंगाचे नियम पाळावे लागतील. दुसरा आपल्याच राज्यातला. पत्रकार शीला बारसे महाराष्ट्रातल्या तुरुंगांत महिला कैद्यांशी बोलत होत्या. त्यांनी टेपरेकॉर्डर वापरला आणि परवानगी मागे घेतली गेली. १९८७ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की आत काय चाललंय हे लोकांना कळण्यासाठी अशा मुलाखती गरजेच्या आहेत, पण त्यांवर वाजवी बंधनं असतील आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगळी परवानगी लागेल. माझ्या धंद्याचा तो टेपरेकॉर्डर असा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. त्याच शीलाताईंच्या एका पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतल्या महिलांना होणाऱ्या मारहाणीची दखल न्यायालयानं घेतली, आणि १९८३ मध्ये महिलांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा असे आदेश निघाले.

तिहारमधल्या एका कैद्याची मुलाखत असलेल्या परदेशी माहितीपटावरून २०१५ मध्ये मोठा गदारोळ झाला. त्यानंतर केंद्रीय गृहखात्यानं राज्यांना कडक सूचना दिल्या: एक लाख रुपयांची अनामत, यंत्रांची तपासणी, तयार फिल्म आधी दाखवून ना-हरकत घेणं वगैरे. महाराष्ट्रात अर्ज पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे जातो. नवख्यानं इथे शक्ती घालवू नये. सुटून आलेली माणसं, भेटीच्या दिवशी डबे-पिशव्या घेऊन बाहेर थांबलेले नातेवाईक, वकील, निवृत्त कर्मचारी. तुरुंगाची निम्मी गोष्ट भिंतीबाहेर आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. त्या माणसांची लागते, तेवढी नीट घ्या.

*प्रश्न: कैद्याचं बोलणं फार अशुद्ध असेल तर दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात घालावं का? (एक वाचक, अक्कलकोट)*

नाही. पडद्यावर खाली ओळी द्या, आणि त्याही त्याच्याच शब्दांत ठेवा. 'नाय' म्हणाला असेल तर 'नाय' लिहा. भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल तर मराठी ओळी द्याव्या लागतील. त्या कुणी लिहिल्या त्याचं नाव शेवटी द्या आणि प्रदर्शनाआधी ज्याचं बोलणं आहे त्याला, निदान त्याच्या घरच्यांना, वाचून दाखवा. ओळख लपवायची असेल तर आवाज यंत्रानं जाड-बारीक करता येतो, पण हेल त्यातूनही ओळखू येतो आणि गावातल्या माणसाला कळतं कोण बोलतंय. अशा वेळी त्याचे शब्द तसेच ठेवून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या आणि तसं पडद्यावर स्पष्ट लिहा. तो दुसरा माणूस पुण्यातल्या स्टुडिओतून आणू नका. त्याच तालुक्यातला शोधा.